खारीचा वाटा, बारा आणे

आमच्या घराण्यात आजवर कोणी कोणाशी युद्ध केल्याची नोंद नाही. आजोबा पोस्टात होते, वडील शाळामास्तर होते आणि मी स्वतः पस्तीस वर्षे विम्याच्या कचेरीत कागदाला कागद टाचून सेवानिवृत्त झालो. असा मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, परमुलखात, कडाक्याच्या थंडीत, डोक्याला कानटोपी आणि हातात केरसुणी अशा थाटात एका खारीवर धावून गेलो, हे वाचकांना खरे वाटणार नाही. मलाही वाटले नसते. पण चिरंजीवांनी त्या प्रसंगाचे छायाचित्र घेऊन ठेवले आहे आणि ते एव्हाना आमच्या यच्चयावत नातेवाइकांच्या फोनवर पोहोचले आहे.

त्याचे असे झाले. २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता चिरंजीवांकडे न्यू जर्सीतल्या एडिसन गावी गेलो. सहा महिन्यांचा मुक्काम. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना या मुक्कामाचे स्वरूप सांगायला नको. पहिले आठ दिवस कौतुकाचे, पुढचे आठ दिवस अवेळी येणाऱ्या झोपेचे आणि त्यानंतरचे सगळे खिडकीचे. मुलगा आणि सून आपापल्या कामाला, नात शाळेत, घर गरम, रस्ता रिकामा आणि आपण खिडकीत. बायकांचे एक बरे असते, त्यांना कुठेही गेले तरी स्वयंपाकघर सापडते. पुरुषाने विचारावे, ‘मी काही करू का?’ आणि उत्तर यावे, ‘तुम्ही बसा हो स्वस्थ.’ हे ‘स्वस्थ बसा’ किती जड असते ते निवृत्त माणसालाच कळते.

आमची नात तेव्हा नऊ वर्षांची. त्याच उन्हाळ्यात त्यांनी घर बदलले होते, त्यामुळे तिची शाळाही बदलली होती. नव्या शाळेत ती तोंडच उघडत नसे. बाईंनी आईबापांना बोलावून सांगितले की मुलगी हुशार आहे, लिहिते सगळे, पण वर्गात एक शब्द बोलत नाही. घरीही फारसे निराळे नव्हते. आमचे मराठी तिला कळे, पण उत्तर यायचे इंग्रजीत, तेही एका शब्दाचे. नाद म्हणाल तर एकच, पाखरांचा. म्हणून सूनबाईंनी मागच्या अंगणातल्या मेपलच्या फांदीला एक फीडर टांगला होता. फीडर म्हणजे दाण्यांचे पारदर्शक नळकांडे. खाली भोके, भोकांपाशी पाखरांना बसायला काड्या आणि आत सूर्यफुलाचे काळे बी.

शिवाय तिचे नाव ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’मध्ये घातले होते. कॉर्नेल विद्यापीठाची पक्ष्यांची प्रयोगशाळा आणि कॅनडातली एक संस्था मिळून १९८७ पासून हा उद्योग चालवतात. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात ज्याने त्याने लागोपाठ दोन दिवस आपल्या घरचा फीडर पाहायचा आणि पाखरांची संख्या कळवायची. त्यातला एक नियम मला फार पटला. एका वेळी डोळ्यांना दिसतील तेवढीच पाखरे धरायची. तीन चिमण्या उडाल्या आणि पुन्हा तीन आल्या तर सहा मांडायच्या नाहीत, तीनच. एकाच पॉलिसीवर दोनदा पैसे काढू पाहणारी माणसे मी जन्मभर पाहिली. हा नियम करणारा माणूस मला आमच्या खात्यातला वाटला.

नोव्हेंबरातल्या त्या पहिल्या शनिवार-रविवारी नात वही घेऊन खिडकीशी बसली. फीडरवर दोन्ही दिवस एकच प्राणी होता आणि त्याला पंख नव्हते. करडी, झुपकेदार शेपटीची, आपल्या खारीच्या चार-पाचपट वजनाची अशी ती बया मागच्या पायांनी फांदीला उलटी लोंबकळून, पुढच्या दोन हातांनी बी काढून खात होती. यांच्या मागच्या पायांचे घोटे उलटे फिरतात, म्हणून ही डोके खाली करून झाड उतरू शकते आणि लोंबकळूही शकते. रविवारी संध्याकाळी पोरीने वहीत तारीख घातली, तिच्यापुढे नीट गोल शून्य काढले आणि ती वर निघून गेली. तो भोपळा मी पाहिला. केरसुणीचा प्रसंग दुसऱ्या दिवशीचा.

केरसुणीने काही साधत नाही हे मला साधारण चार दिवसांत कळले. आपण आत आलो की खार येते आणि आपल्याला आत यावेच लागते. चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, खारीचे वजन पडले की आपोआप बंद होणारा फीडर मिळतो.’ मी किंमत विचारली, तिचे मनात रुपये केले आणि गप्प बसलो. एका खारीसाठी एवढे पैसे घालवणे म्हणजे तिचाच विजय.

मग फीडर झाडावरून काढून लोखंडी खांबावर लावला. ती खांब चढली. मी खांबाला खोबरेल चोपडले. पुण्याच्या हिशेबाने ही युक्ती बिनतोड होती, पण तिथल्या थंडीत खोबरेल दहा मिनिटांत थिजले आणि खांबावर पांढरा लेप बसला. खारीला त्यात नखे रोवायला उलट सोय झाली. वर जाताना ती ते चाटतही होती.

त्यानंतर मिरची. हे मात्र मी शास्त्र वाचून केले. मिरचीतले जे द्रव्य आपल्या जिभेला जाळते ते पाखरांना जाणवतच नाही. सस्तन प्राण्यांच्या नसांत त्या द्रव्याची वर्दी देणारा एक पहारेकरी असतो. त्याचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पाखरांकडेही तो पहारेकरी आहे, पण मिरचीपुरता तो झोपलेला असतो. पाखरांनी मिरची खावी आणि तिचे बी लांब नेऊन टाकावे ही निसर्गाची योजना. सौ.ने पुण्याहून नेलेल्या लवंगी मिरचीच्या डब्यातले दोन चमचे तिखट मी दाण्यांत कालवले आणि ते ओतायला बाहेर गेलो. वाऱ्याचा विचार नोबेलवाल्यांनी केलेला नव्हता. मी, दार उघडून पाहायला आलेले चिरंजीव आणि गाडीतून उतरणाऱ्या सूनबाई असे आम्ही तिघे पुढचा अर्धा तास डोळ्यांवर थंड पाणी मारत होतो. सौ. तेवढ्यात म्हणाली, ‘दोन चमचे वाया घालवलेत. महिनाभराची आमटी झाली असती.’ खार दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली, एक दाणा खाई, पंजाने तोंड पुशी, पुन्हा दुसरा दाणा खाई. पाचव्या दिवशी तोंड पुसणेही थांबले.

‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग ज्याने काढला त्याने ही खार पाहिलेली नव्हती. तिथे रुपयातले बारा आणे खारीचे आणि उरले तर चार आणे पाखरांचे. सौ.चे निदान वेगळे होते. ‘हिच्या पाठीवर पट्टे आहेत का बघा,’ ती म्हणाली. ‘नाहीत. म्हणजे रामाचा हात हिच्या पाठीवरून फिरलेलाच नाही. मग ही अशीच वागायची.’

या वळणावर शेजारचे म्हातारबुवा मदतीला आले. वय माझ्याएवढेच, एकटेच राहणारे, गॅरेजात सुतारकामाची सगळी हत्यारे. माझी केरसुणी, माझे खोबरेल आणि माझे तिखट हे सारे त्यांनी कुंपणापलीकडून पाहिले होते आणि तोवर सभ्यपणाने काही बोलले नव्हते. खोबरेल मात्र त्यांनी आधी पुसायला लावले. तेल पाखराच्या पिसांना लागले की पिसे चिकटतात आणि थंडीत ते पाखरू गारठून मरते. हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पाखरांसाठी चाललेल्या लढाईत मी पाखरांनाच मारायला निघालो होतो.

मग त्यांनी मला एक पाढा शिकवला, पाच-सात-नऊ. ही खार जमिनीवरून सुमारे पाच फूट वर उडी मारते, सात फूट आडवी मारते आणि उंचावरून नऊ फूट लांब खाली झेपावते. तेव्हा खांब झाडापासून, छपरापासून, कुंपणापासून दहा फूट तरी लांब हवा. खांबाला जमिनीपासून पाच फुटांवर एक रुंद गोल तबकडी उपडी बसवायची, म्हणजे चढणारी खार तिच्याखाली अडकते. तबकडी थोडी डुगडुगती असली तर फारच चांगले. तिला ते ‘बॅफल’ म्हणतात. एवढेच. यात भांडण नाही, आरडाओरडा नाही, फक्त मोजमाप आहे. खारीच्या अंगात किती बळ आहे ते ओळखून त्याच्या एक फूट पलीकडे राहायचे. मी पस्तीस वर्षे दुसरे काय करत होतो?

सौ.ची शिवणाची टेप घेऊन मी आणि नात अंगण मोजत फिरलो. टेपचे एक टोक तिच्या हाती. दहा फुटांची अट पाळणारी एकच जागा सापडली आणि ती माझ्या खिडकीतून दिसत नव्हती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होती. त्यामुळे माझी खुर्ची स्वयंपाकघरात गेली. याचा सौ.ला किती आनंद झाला ते लिहीत नाही.

राहता राहिली तबकडी. दुकानातली मला पसंत पडेना (किंमत). तेव्हा माझी नजर फळीवरच्या स्टीलच्या परातीवर गेली. चांगली अठरा इंची. नातीच्या बारशाला आजीने पुण्याहून नेलेली, काठावर नातीचे नाव आणि ‘बारशानिमित्त, आजीकडून’ अशी अक्षरे कोरलेली. मी ती मागितली तेव्हा घरात काही वेळ शांतता पसरली. बायकांच्या भांड्यांत मध्यभागी भोक पाडणे ही काही लहान गोष्ट नव्हे. सौ. परात हातात घेऊन उभी राहिली, मग नातीकडे पाहून म्हणाली, ‘तिच्या बारशाची आहे, तिच्याच पाखरांना जाऊ दे. पण अक्षरांना धक्का लागता कामा नये.’ तेव्हा पोरीने काठावरून बोट फिरवत विचारले की हे काय लिहिले आहे. स्वतःचे नाव देवनागरीत कोरलेले तिने आजवर वाचलेच नव्हते. आजीने तिला एकेक अक्षर लावून दाखवले. तीन अक्षरांना दहा मिनिटे लागली. म्हातारबुवा दाराशी ड्रिल घेऊन थांबले होते, त्यांनीही ऐकून घेतले.

परात बसवली त्या दिवशी आम्ही सगळे काचेशी गर्दी करून होतो. खार आली, सरावाने सरसर खांब चढली आणि तिचे डोके परातीच्या पोटाला लागले. खाली गेली, पुन्हा चढली. काठाला हात घालू पाहिला तर परात कलली आणि बाई जमिनीवर. असे सात-आठ वेळा झाले. मग ती खांबाशी दोन पायांवर उभी राहून बराच वेळ वर पाहत राहिली. मला वाटले होते मी हसेन. हसू आले नाही.

याच सुमारास सौ. आणि सूनबाई दाणे आणायला दुकानात गेल्या आणि सौ. तिथल्या पोत्यापाशीच उभी राहिली. वर लिहिले होते सॅफ्लॉवर. ‘अहो, ही तर करडई!’ सौ.चे माहेर सोलापूरकडचे. करडईच्या तेलावर आणि करडईच्या कोवळ्या पाल्याच्या भाजीवर वाढलेली ती, तिला कोणी काय शिकवावे? पुढच्या पोत्यावर ‘नायजर’ होते, ते निघाले कारळे. आपले चटणीचे कारळे! हे इथिओपियातून आणि आपल्या देशातून तिकडे जातात आणि तिकडच्या शेतात त्यातून तण उगवू नये म्हणून उष्णता देऊन त्यांची उगवणशक्ती मारतात. न्यू जर्सीचा राज्यपक्षी गोल्डफिंच. त्याचे हे आवडीचे खाणे. सौ.ने दोन्ही पिशव्या घेतल्या आणि घरी येऊन कारळे भाजायलाच ठेवले असते, पण सूनबाईंनी वेळीच आवरले की ही पाखरांची प्रत आहे, माणसांची ओक ट्री रोडवर मिळेल.

गंमत अशी की करडई खारीला सहसा आवडत नाही आणि कारळ्यांकडेही ती फारशी वळत नाही. म्हणजे जे दाणे आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या होते तेच या लढाईतले खरे शस्त्र, आणि मी मिरचीमागे लागलो होतो. सगळ्या खारींना करडई नावडते असे मात्र नाही. आमचीने खाली सांडलेली चाखून पाहिली आणि नाइलाजाने दोन-चार दाणे खाल्लेही. पण सूर्यफुलाच्या पंक्तीला जी बैठक मारायची ती मोडली.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, दिवेलागणीला, मी आणि नात खिडकीशी होतो. कारळ्याच्या बारीक जाळीच्या नळीवर हिवाळ्यातले मळकट अंगाचे गोल्डफिंच येऊन गेले होते. चिमण्या तर रोजच्याच. चिमणी म्हणजे तीच, आपली. १८५० च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये मुद्दाम इंग्लंडहून आणून सोडलेली. म्हातारबुवा तिला नावे ठेवतात, सौ. मात्र ती दिसली की माहेरचे माणूस भेटल्यासारखी ‘या या’ म्हणते. त्या संध्याकाळी करडईच्या थाळीवर एकदम कुंकवासारखे लाल काही उतरले. डोक्यावर तुरा, चोच जाड आणि नारिंगी. कार्डिनल. मी खुर्ची सरकवली, तेवढ्यात माझ्या बाहीला हात लागला. ‘आबा, हलू नको.’

‘नका’ म्हणायला हवे होते, पण मी व्याकरण काढले नाही.

आता खारीबद्दल थोडे आणखी लिहितो, कारण घरात तिची बाजू घेणारे माणूसही होते. गावच्या वाचनालयात मला बिल ॲडलर यांचे १९८८ साली निघालेले एक अख्खे पुस्तक मिळाले. विषय एकच, फीडरवरच्या खारीला कसे चकवावे. त्यावरून अमेरिकेतली किती डोकी यात गुंतली आहेत ते समजावे. दुसरीकडे वाचले की तिकडच्या शहरांतून या खारी आपणहून आलेल्या नाहीत. १८४७ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन स्क्वेअरमध्ये तीन खारी मुद्दाम आणून सोडल्या, त्यांना खायला घातले, राहायला पेट्या टांगल्या. नागरिकांना शोभा हवी होती. मग इतर शहरांनीही तेच केले. मी हे सौ.ला वाचून दाखवले.

‘म्हणजे पाहुणी म्हणून बोलावली,’ ती कणीक मळता मळता म्हणाली (आता पातेल्यात, कारण परात बाहेर), ‘आणि जेवायला बसली तर केरसुणी?’

मी म्हटले, ‘अगं, पण ती सगळ्यांचे खाते.’

‘परक्या घरी आलेल्याला काय खावं आणि किती खावं हे कळायला वेळ लागतो. आपल्याला नाही लागला?’

यावर मी वर्तमानपत्र उघडले. दुसऱ्या दिवसापासून कुंपणाच्या लांबच्या कोपऱ्यात मक्याचे एक कणीस रोज दिसू लागले. म्हातारबुवांनी बजावले होते की असे केल्याने एकीच्या तीन होतात, आणि त्या झाल्याही. सौ. म्हणाली, झाल्या तर झाल्या. पण फीडर मोकळा राहिला एवढे खरे. दर पंधरा दिवसांनी तो उतरवून गरम पाण्याने घासायचा आणि खालचा कचरा उचलायचा हे काम माझ्याकडे आले. ओले दाणे कुजले की पाखरांत आजार पसरतो, त्यामुळे त्यात चालढकल चालत नाही. मला कोणी ‘स्वस्थ बसा’ म्हणायचे बंद झाले होते.

जानेवारीत नातीच्या वर्गात प्रत्येकाने काही तरी आणून त्याविषयी बोलायचे होते. ही तीन बरण्या घेऊन गेली, सूर्यफूल, करडई आणि कारळे. काय झाले ते सूनबाईंना बाईंकडून कळले. पोरगी आधी बराच वेळ नुसती उभी राहिली. मग म्हणाली, यातल्या काळ्या दाण्यांची माझी आजी चटणी करते. त्यावर एका मुलाने विचारले, तुझी आजी पाखरांचे खाणे खाते? वर्ग हसला. हिने म्हणे शांतपणे सांगितले, ‘नाही. पाखरं माझ्या आजीचं खाणं खातात.’ आणि मग ती पाच-सात-नऊपासून बारशाच्या परातीपर्यंत पुढची दहा मिनिटे थांबेना. बाईंना शेवटी घड्याळ दाखवावे लागले.

मार्चअखेर आम्ही परत आलो. पुण्याला मागच्या भिंतीवर सौ. भाताची शिते ठेवते, चिमण्या, साळुंक्या, पट्टेवाली खार सगळे एकाच पंगतीला बसतात आणि कोणी वही घेऊन बसत नाही. मला थोडे चुकल्यासारखे होते.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी रात्री फोन आला. चिरंजीव नव्हते, नात होती. फोनच्या पडद्यावर बर्फाने भरलेले अंगण, आमचा खांब, आमची परात आणि परातीच्या वर, फीडरवर, आरामात बसलेली खार. माझा जीव खाली-वर झाला. तबकडी सरकली का? खांब कलला का?

‘नाही आबा,’ ती म्हणाली. ‘बाबांनी आणि मी स्नोमॅन केला ना. बघ, किती जवळ केला. ती त्याच्या डोक्यावर चढते. मी आजीच्या टेपने मोजलं.’

‘किती भरलं?’

‘चार फूट. मी बाबांना म्हटलं होतं, आधी सात मोजा.’

मागे चिरंजीव फावडे घेऊन बर्फाच्या माणसाचे मुंडके उतरवताना दिसत होते. त्याच्या डोक्यावर कानटोपी होती. माझीच, निघताना विसरलेली.